बँकेच्या शेअरचा पीई वर्षानुवर्षे कसा वाचावा: बँक ऑफ बडोदाच्या आकड्यांवरून

दांडिया बाजारात माझी आत्या राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. काकांनी 1996 साली, बँक ऑफ बडोदाचे शेअर पहिल्यांदा लोकांसाठी खुले झाले तेव्हा, थोडे घेऊन ठेवले होते. ते अजून तिच्या नावावर आहेत. आमच्या बडोद्यात अशी घरं बरीच सापडतील. 1908 साली सयाजीराव महाराजांनी काढलेली बँक म्हणजे इथल्या माणसाला घरचीच वाटते. एप्रिल 2025 मध्ये आत्याने मला विचारलं, "अरे, आपल्या बँकेचा पीई सहा दिसतोय. बाकीच्या कंपन्यांचे पंचवीस-तीस. मग हा तर फारच स्वस्त झाला ना? अजून थोडे घेऊ का?"

प्रश्न साधा आहे, पण याच प्रश्नावर पुष्कळ लोक फसतात. कारखान्याच्या शेअरचा पीई वाचतो तसाच बँकेचा वाचला, तर तो नेमका उलटा सल्ला देऊ शकतो. म्हणून आत्याच्या वहीत जे जे केलं ते सगळं इथे लिहितो. मी सल्लागार म्हणून नोंदणी केलेला माणूस नाही. काय घ्यावं, काय विकावं हे सांगत नाही, आकडा कसा वाचायचा तेवढंच सांगतो.

आधी व्याख्या, थोडक्यात. पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा. त्या नफ्याला ईपीएस म्हणतात. भाव 228 आणि ईपीएस 38 असेल तर पीई 6. भाव रोज हलतो, सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर असतं. बँकेच्या बाबतीत खरी गोम खालच्या आकड्यात, म्हणजे ईपीएसमध्ये असते.

आकडे कुठून घ्यायचे

मोबाइलवरच्या अ‍ॅपवर किंवा एखाद्या संकेतस्थळावर पीईचा आलेख तयार मिळतो. त्याच्यावर विसंबू नका. बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठी विभाग असतो, तिथे वार्षिक अहवाल आणि तिमाही निकाल असतात. बीएसई आणि एनएसई या दोन शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवरही तेच कागद मिळतात. निकालांत दोन संच दिलेले असतात: एकट्या बँकेचा, आणि उपकंपन्या धरून एकत्रित. कुठलाही एक घ्या, पण सगळ्या वर्षांना तोच ठेवा. एका वर्षी हा आणि दुसऱ्या वर्षी तो घेतला की तुलना बिघडली. मी खाली सगळीकडे एकट्या बँकेचे आकडे घेतले आहेत.

चालू पीई काढताना शेवटच्या चार तिमाहींची बेरीज करा. एका तिमाहीच्या ईपीएसला चारने गुणून वर्षाचा आकडा बनवू नका. बँकेची मार्चअखेरची तिमाही आणि जूनअखेरची तिमाही यांचं वागणं सारखं नसतं.

जुने आकडे आजच्या मापात आणणे

हे किचकट काम आहे आणि आत्याचा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. काकांच्या जुन्या टिपणात मार्च 2014 चा भाव सुमारे 720 रुपये लिहिलेला होता, आणि मार्च 2015 चा 163. आत्या दचकली. "एका वर्षात एवढा कोसळला?" कोसळला नव्हता. जानेवारी 2015 मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर झाले. म्हणजे 720 ला पाचने भागायचं: 144. ईपीएससुद्धा पाचने भागायचा. 2013-14 चा ईपीएस सुमारे 107 रुपये होता, तो झाला साडेएकवीस. दोन्हीकडे भागलं की पीई तोच राहतो, 6.7. फक्त भाव भागला आणि ईपीएस तसाच ठेवला, तर पीई दीडच्या खाली दिसेल. मी एका संकेतस्थळाच्या जुन्या आलेखात ही चूक प्रत्यक्ष पाहिली आहे. बोनस शेअरलाही, म्हणजे जुन्या शेअरमागे फुकट मिळणाऱ्या नव्या शेअरलाही, हाच नियम. एचडीएफसी बँकेने ऑगस्ट 2025 मध्ये एकास एक बोनस दिला, तेव्हा तिचे त्याआधीचे भाव आणि ईपीएस दोन्ही निम्मे करून वाचायचे.

विलीनीकरण आणि नवे शेअर यांचं प्रकरण मात्र वेगळं. 1 एप्रिल 2019 ला विजया बँक आणि देना बँक आपल्या बँकेत आल्या. विजयाच्या दर हजार शेअरमागे बडोद्याचे 402 आणि देनाच्या हजारामागे 110 शेअर दिले गेले. त्याच वर्षी सरकारनेही भांडवल घातलं, आणि मार्च 2021 मध्ये बँकेने मोठ्या गुंतवणूक संस्थांना शेअर विकून 4,500 कोटी उभे केले. शेअरची संख्या सुमारे 265 कोटींवरून 517 कोटींवर गेली. इथे जुने आकडे भागायचे नाहीत, कारण नव्या शेअरबरोबर नवा धंदा किंवा नवा पैसाही आत आला. पण या काळात एकूण नफ्याची तुलना करण्यात अर्थ नाही, नफा शेअरमागेच मोजायचा.

यातली एक बारीक गोष्ट. 2020-21 चा नफा 829 कोटी. त्याला 517 कोटी शेअरने भागलं तर 1 रुपया 60 पैसे येतात. बँकेने ईपीएस 1 रुपया 78 पैसे छापला. आत्याने वहीत दोन्ही आकडे गोल करून प्रश्नचिन्ह टाकलं होतं. दोन्ही बरोबर आहेत. नवे शेअर वर्षाच्या अगदी शेवटी आले, म्हणून बँक वर्षभराची सरासरी संख्या धरते. मागचं वाचताना छापलेला ईपीएस घ्या. पुढचा अंदाज बांधताना मात्र आजची शेअरसंख्या धरा.

वही भरल्यावर काय दिसलं

मार्चअखेरचे भाव आणि त्या आर्थिक वर्षाचा ईपीएस घेऊन ही यादी झाली. भाव आणि पीई गोल केलेले आहेत, जुने आकडे आजच्या मापात आहेत.

मार्च 2014: भाव 144, पीई 6.7
मार्च 2015: भाव 163, पीई 10
मार्च 2016: भाव 147, तोटा, पीई नाही
मार्च 2017: भाव 173, पीई 29
मार्च 2018: भाव 142, तोटा, पीई नाही
मार्च 2019: भाव 129, पीई 78
मार्च 2020: भाव 53, पीई 39
मार्च 2021: भाव 74, पीई 42
मार्च 2022: भाव 112, पीई 8
मार्च 2023: भाव 169, पीई 6.2
मार्च 2024: भाव 264, पीई 7.7
मार्च 2025: भाव 228, पीई 6

ही यादी घाईने वाचू नका. मार्च 2014 मध्ये पीई 6.7 होता, म्हणजे आत्याच्या भाषेत "फारच स्वस्त". सहा वर्षांनी भाव 144 वरून 53 वर आला होता. उलट मार्च 2020 मध्ये पीई 39, म्हणजे पीई बघून घेणाऱ्याने हात लावला नसता. चार वर्षांनी तोच शेअर 264 वर होता. पीई सगळ्यात जास्त तेव्हा दिसला, जेव्हा भाव तळाशी होता किंवा तळाकडे निघाला होता. जास्त पीई बघून घ्या, असा याचा अर्थ काढू नका. ज्या बँका पुढे कधी सावरल्याच नाहीत, त्यांचाही पीई तोट्यात जाण्याआधी असाच उंच दिसलेला असू शकतो. याचा अर्थ एवढाच की इथे पीई भावामुळे फारसा हललाच नाही. त्याला हलवलं खालच्या आकड्याने.

बँकेचा "सरासरी पीई" असा एकच आकडा कुणी सांगितला तर सावध व्हा. वरच्या दहा आकड्यांची सरासरी 23 येते. चढत्या क्रमाने लावून मधला काढला तर 9 येतो. आणि तोट्याची दोन वर्षं तर दोन्हीतून गळालीच. म्हणजे सगळ्यात वाईट वर्षं बाजूला ठेवून आपण सरासरी काढतोय. काढायचाच असेल तर मधला आकडा काढा, आणि शेजारी लिहा की दोन वर्षं यात नाहीत.

खालचा आकडा एवढा का नाचतो

बँकेचं ऑपरेटिंग प्रॉफिट म्हणजे व्याज आणि इतर उत्पन्नातून ठेवींचं व्याज, पगार, शाखांचा खर्च वजा केल्यावर जे उरतं ते. हा आकडा बराचसा स्थिर असतो. त्यातून मग बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी तरतूद बाजूला काढतात, त्यानंतर कर, आणि उरतो तो निव्वळ नफा. ईपीएस या शेवटच्या आकड्यावरून निघतो.

2019-20 मध्ये बँकेचं ऑपरेटिंग प्रॉफिट 19 हजार कोटींच्या पुढे होतं. ते जवळपास सगळं तरतुदींत गेलं आणि निव्वळ नफा राहिला 546 कोटी. 2024-25 मध्ये ऑपरेटिंग प्रॉफिट 32,435 कोटी आणि निव्वळ नफा 19,581 कोटी. पाच वर्षांत मूळ कमाई पावणेदोनपटीच्या आतच वाढली, नफा मात्र पस्तीसपट झाला. मधला फरक तरतुदीचा आहे.

मागची कथा थोडक्यात अशी. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांच्या कर्जांची झाडाझडती घेतली. तोपर्यंत बरीच अडकलेली कर्जं "पुनर्रचित", म्हणजे हप्ते-मुदत बदलून दिलेली, या नावाखाली चांगल्या कर्जांत मोजली जात होती. ती उघडी पडली. बँक ऑफ बडोदाला 2015-16 मध्ये 5,396 कोटींचा तोटा झाला. मार्च 2014 ला एकूण कर्जांत थकीत कर्जं 2.94 टक्के दाखवली होती, मार्च 2016 ला ती 10 टक्क्यांवर गेली. दोन वर्षांत सगळी कर्जं एकदम नासली नव्हती. नासलेली होतीच, ती आता वहीत आली. म्हणजे 2014 च्या साडेएकवीस रुपये ईपीएसमधला काही भाग खरा नफा नव्हताच. तो पुढे भरावा लागणारा, पण तेव्हा न मोजलेला खर्च होता.

2024-25 च्या ईपीएसची परीक्षा

हे गणित मी आत्याला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून करून दाखवलं. तुम्हीही कुठल्याही बँकेसाठी करू शकता, पाच मिनिटांचं काम आहे.

मार्च 2025 ला बँकेची एकूण कर्जं सुमारे 12 लाख 30 हजार कोटी. त्या वर्षी तरतूद झाली सुमारे 6 हजार कोटी, म्हणजे कर्जांच्या अर्धा टक्का. हे अतिशय चांगल्या वर्षाचं लक्षण आहे. आता विचारा: तरतूद एक टक्का लागली तर? 12,300 कोटी. ऑपरेटिंग प्रॉफिट 32,435 मधून ते वजा केले, उरले 20 हजारांच्या आसपास. एक चतुर्थांश कर काढला, उरले 15 हजार कोटी. 517 कोटी शेअरने भागलं, ईपीएस सुमारे 29. भाव 228 च ठेवला तर पीई जवळपास 8.

दीड टक्का लागली तर याच रीतीने ईपीएस 20 वर येतो आणि पीई 11. दोन टक्के लागली तर ईपीएस साडेअकरा आणि पीई 20.

भावाला हातही न लावता पीई 6 चा 20 होतो, फक्त तरतूद अर्ध्या टक्क्यावरून दोन टक्क्यांवर गेली म्हणून. आत्याने दोन टक्क्यांची ओळ पुन्हा स्वतः करून पाहिली, उत्तर तेच आलं. मग म्हणाली, "म्हणजे सहा हा पीई नाहीच, ही एका वर्षाची हवा आहे." मी थोडी दुरुस्ती केली: सहा खरा आहे, पण तो चांगल्या वर्षाचा आहे. आपल्याला हवा तो मध्यम वर्षाचा. त्या बँकेने गेल्या दहा वर्षांत कर्जांच्या किती टक्के तरतूद केली याची सरासरी काढा, ती या गणितात घाला, आणि जो पीई येईल तो वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. माझ्या मते बँकेसाठी हाच रकाना सगळ्यात कामाचा आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही बघू, कारण 2014 चा 6.7 आणि 2025 चा 6 दिसायला जुळे असले तरी आतून सारखे नाहीत. मार्च 2014 ला तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं 1.52 टक्के होती आणि तरतुदीचं कवच, म्हणजे थकीत कर्जांपैकी जेवढ्यांसाठी तरतूद करून ठेवलेली आहे तो हिस्सा, सुमारे 65 टक्क्यांचं. मार्च 2025 ला हेच आकडे 0.58 टक्के आणि 93 टक्के होते. एकूण थकीत कर्जं 2018 च्या 12.26 टक्क्यांवरून 2.26 टक्क्यांवर उतरली होती. जुना खड्डा बुजवून झालेला आहे. म्हणून 2014 ची पुनरावृत्ती होणारच असं मी म्हणणार नाही. पण दोन सारख्या पीईंमध्ये फरक करायचा असेल तर हे तीन आकडे शेजारी लिहिल्याशिवाय तो होत नाही: एकूण थकीत, निव्वळ थकीत आणि कवच. तिन्ही बँकेच्या तिमाही निकालांच्या कागदांत सापडतात.

एकदाच येणारा पैसा वेगळा काढा

नफ्यात काही रकमा दरवर्षी येत नाहीत. पूर्वी निर्लेखित केलेल्या, म्हणजे बुडीत धरून वहीतून काढलेल्या कर्जाची वसुली झाली की ती इतर उत्पन्नात जमा होते. व्याजदर उतरले की बँकेकडच्या सरकारी रोख्यांची किंमत वाढते आणि ते विकून नफा होतो. उलटही घडतं. 2020-21 च्या शेवटच्या तिमाहीत बँक नव्या करपद्धतीत गेली, त्याचा एकरकमी बोजा पडला आणि ती तिमाही तोट्यात दिसली. त्या वर्षीच्या 42 पीईमागे हेही एक कारण आहे. निकालांखालच्या टिपा बारीक अक्षरात असतात, पण त्या वाचायच्याच.

व्याजदरांचा आणखी एक परिणाम नफ्यात उशिरा उतरतो. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर, 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आणला. रेपोला जोडलेली घरकर्जं लगेच स्वस्त झाली. मुदत ठेवींचे दर मात्र ठेव पिकेपर्यंत जुनेच राहतात. आत्याचीच ठेव बघा, तिला अजून दोन वर्षं जुनाच दर मिळणार आहे. तिच्या फायद्याची गोष्ट बँकेच्या नफ्याला काही काळ चिमटा काढते. मागच्या चार तिमाहींच्या पीईत हा चिमटा पूर्ण दिसत नाही.

पीईच्या शेजारी बुक व्हॅल्यू

एका शेअरमागे बँकेचं स्वतःचं भांडवल किती, ती बुक व्हॅल्यू. भाव भागिले बुक व्हॅल्यू म्हणजे पीबी. भांडवलावर टक्केवारीत मिळणारा नफा म्हणजे आरओई. या तिघांचं नातं पक्कं आहे: पीबी म्हणजे पीई गुणिले आरओई. दोन बँकांचा पीई 10 आहे, एकीचा आरओई 8 टक्के, दुसरीचा 16. पहिलीचा पीबी 0.8, दुसरीचा 1.6. पीई सारखाच, पण दुसरीच्या प्रत्येक रुपया भांडवलासाठी बाजार दुप्पट मोजतोय, कारण तो रुपया दुप्पट कमावतो.

तोट्याच्या वर्षी पीई नसतो, पीबी असतो. मार्च 2020 मध्ये पीई 39 बघून शेअर महाग वाटत होता, तेव्हा तो बुक व्हॅल्यूच्या निम्म्याहूनही कमी भावात मिळत होता. म्हणून बँकेचा दहा-बारा वर्षांचा आलेख काढायचा तर दोन्ही रेषा एकाच कागदावर काढा. दोन्ही खाली असतील तर बाजार घाबरलेला आहे, आणि तो का घाबरलाय ते शोधा. पीई खाली आणि पीबी आपल्या जुन्या पातळीच्या वर असेल, तर नफा शिखरापाशी असण्याची शक्यता धरून चाला.

तुलना करताना सरकारी बँक सरकारी बँकेशीच ताडून बघा. खाजगी बँकांचे पीई बरेच वर असतात. त्यामागे मालकी, भांडवल उभं करण्याची सोय, आरओईचं सातत्य अशी कारणं आहेत. साबणाच्या किंवा औषधाच्या कंपनीच्या पंचवीस पीईशी बँकेचा सहा ताडणं तर सोडूनच द्या. बँक स्वतःच्या एका रुपयावर दहा-बारा रुपयांचा व्यवहार करते, तिची चूकही तेवढ्या पटीने वाढून परत येते.

आत्याच्या वहीत आता सात रकाने आहेत: भाव, ईपीएस, पीई, मध्यम तरतुदीचा पीई, पीबी, निव्वळ थकीत, आणि "या वर्षी काय वेगळं घडलं" अशी एक ओळ. दर तीन महिन्यांनी निकाल आला की सगळ्यात जुनी तिमाही काढून नवी घालायची, मार्चला वर्षाची ओळ पक्की करायची. तिने अजून नवे शेअर घेतलेले नाहीत आणि काकांचे विकलेलेही नाहीत. 2024-25 चा लाभांश शेअरमागे 8 रुपये 35 पैसे आला, तो तिने आठवा रकाना आखून त्यात लिहिला आहे. आता शेजारच्या वहिनी त्यांच्या बँकेच्या शेअरचे कागद घेऊन तिच्याकडे येतात, आणि ती त्यांना आधी तरतुदीचा आकडा शोधायला लावते.